मिसिंग करणारी जुनी गाडी आणि हजाराच्या आतला ओबीडी स्कॅनर: काही महिन्यांचा अनुभव

गाडी 2013 ची, पेट्रोल, चार सिलिंडर. पावसाळ्यात मिसिंग सुरू झालं, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटेनासं झालं. सकाळी आयडलिंगला थरथर, सिग्नलला स्टिअरिंग हलतंय, घाटात जोर दिला की चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय. हा दिवा नुसता लागलेला असेल तर सवडीने बघता येतं. लुकलुकत असेल तर न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघत असतो, तेव्हा रेस लगेच कमी करायची. गॅरेजवाल्याचा सल्ला होता, "साहेब, चारही कॉइल टाकून घ्या, इंजेक्टरपण साफ करू, कटकट मिटेल." कॉइल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग. चार कॉइलचा भाव ऐकला आणि आधी ईएलएम327 वाला ब्लूटूथ अडॅप्टर मागवला. हाच तो ओबीडी स्कॅनर, गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड फोनवर दाखवणारा.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसतो, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनर हे ॲप टाकायचं, झालं. आयफोनवाल्यांनी साधा ब्लूटूथवाला घेऊ नये, जोडला जात नाही. वायफाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) लिहिलेला बघा. आणि गाडीचं साल तपासा. आपल्याकडे बीएस-4 (प्रदूषणाचा नियम) गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून कोड नोंदवणारी यंत्रणा, एप्रिल 2013 पासून लागू झाली, त्याआधीच्या गाडीत मिसफायरचा कोड मिळेलच असं नाही.

माझ्याकडे आला पी0303. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर, एवढाच त्याचा अर्थ. ठिणगी पडत नाही, पेट्रोल कमी पडतंय की कॉम्प्रेशन गेलंय, ते कोडला ठाऊक नसतं. ॲप मात्र खाली बिनधास्त 'कॉइल बदला' लिहून मोकळं. त्याचं ऐकण्याआधी फुकटातली एक चाचणी करा: तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर, दुसऱ्याची तिसऱ्यावर, कोड पुसा, फेरी मारून या. बोल्ट दहाच्या पान्याने निघतो. कनेक्टरचं लॉक जपून दाबा, इतक्या वर्षांचं प्लास्टिक कडकन तुटतं. फेरीनंतर पी0302 आला. कोड कॉइलच्या मागोमाग गेला, म्हणजे कॉइल खराब. तो जागचा हलला नसता तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन.

पण खरी गोष्ट कॉइल उपसताना दिसली. तिचा रबरी बूट तेलाने फुगून चिकट झालेला, आणि टॉर्च मारली तर प्लगच्या खड्ड्यात तेल साचलेलं. व्हॉल्व्ह कव्हरचं सील गळत होतं. नुसत्या नव्या कॉइल घातल्या असत्या तर तिसरी पुन्हा गेली असती. एक कॉइल, सील, चार प्लग. काम तेवढ्यात झालं आणि दिवा गेला.

तरी आयडलिंग पूर्ण सुधारलं नाही. इथे लाइव्ह डेटा, म्हणजे इंजिन चालू असतानाचे आकडे, कामाला आला, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर (ईसीयू) ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा घटवतोय तो आकडा, आयडलिंगला +18, आणि रेस 2500 आरपीएमवर धरली की +7. आयडलिंगला जास्त आणि वर रेसला कमी म्हणजे कुठून तरी चोरून हवा आत येतेय. पीसीव्हीचा पाइप (इंजिनमधली वाफ परत आत खेचणारा) वळणावर खालून चिरलेला निघाला, वरून अगदी ठणठणीत! पाइप बदलल्यावर ट्रिम +5 च्या आसपास आहे. पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल) असताना त्यापेक्षा खाली येईल अशी अपेक्षा नाही. शुद्ध पेट्रोलला 14.7 पट हवा लागते, ई20 ला साधारण 13.5, त्यामुळे जुन्या गाडीचा ईसीयू पेट्रोल थोडं वाढवतोच.

मग एसी लावला की उरलेली थरथर. आलेखावर आरपीएम सरळ रेषेत, कोड नाही, ट्रिम ठीक. इंजिनचं माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार, झिजून दबला होता. हे कुठलाच स्कॅनर दाखवत नाही; बॉनेट उघडून, कुणाला तरी रेस द्यायला बसवून, इंजिन किती उडतंय ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

तक्रारी आहेत. एकदम चार-पाच आकडे लावले की माहिती रखडत येते, मधूनच जोडणी तुटते. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या गाडीत वाचत नाही. सॉकेटमध्ये कायमचा ठेवू नका, गाडी आठवडाभर उभी राहिली तर बॅटरी ओढतो. आणि गॅरेजला जाण्याआधी कोड पुसू नका: कोड पडला तेव्हाचे आरपीएम, लोड, इंजिनचं तापमान हे फ्रीझ फ्रेममध्ये साठलेलं असतं, तेही सोबत जातं.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर आधी गाडी पेट्रोलवर चालवून ट्रिम बघा, मग सीएनजीवर. पेट्रोलवर नीट आणि गॅसवरच मिसिंग असेल तर आधी प्लगची गॅप तपासा. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेला प्लग तिथे लवकर उघडा पडतो.