शेवाळाचे औषध म्हणून विकलेले मोरचूद

कोल्हापुरात खाऱ्या पाण्याचा रीफ टँक, म्हणजे मासे आणि प्रवाळ एकत्र ठेवायचा काचेचा टँक, सांभाळणारी माणसे थोडी आहेत, आणि जी आहेत ती बहुतेक एखाद्या दुकानदाराच्या शब्दावर विसंबून असतात. त्या विसंबण्याचा फायदा घेऊन गेल्या पावसाळ्यात माझी फसवणूक झाली. दुसऱ्या कोणाचा टँक असा जाऊ नये म्हणून सगळा प्रकार तपशिलाने लिहीत आहे. तक्रार दाखल केलेली असल्यामुळे विक्रेत्याचे नाव देत नाही. माल कसा ओळखायचा तेवढे मात्र स्पष्ट सांगतो.

माझा टँक ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर त्यात सुमारे १६० लिटर पाणी मावते. दोन क्लाउनफिश आणि एक गोबी असे तीन मासे, दोन क्लीनर श्रिंप म्हणजे कोळंब्या, बारा ट्रोकस गोगलगायी आणि मशरूम व झोअँथस जातींचे थोडे मऊ प्रवाळ एवढाच त्यातला संसार होता. दगडी प्रवाळ मी ठेवत नाही, कारण २००१ साली त्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूचीत झाला आणि ते समुद्रातून काढून विकणे हा गुन्हा आहे. दोन वर्षे हा टँक कोणत्याही औषधाशिवाय स्वच्छ चालला होता.

जूनमध्ये घरच्या आरओ-डीआय यंत्राचा, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचा, मेम्ब्रेन (गाळणारा पडदा) निकामी झाला. नवा येईपर्यंत पाणी विकत घ्यावे असे ठरवले आणि ज्या दुकानातून मी पूर्वी मीठ व खाद्य घेत असे, तिथूनच २० लिटरचे जार आणू लागलो. एका जारला ६० रुपये, आठवड्याला दोन जार. 'झिरो टीडीएस, साहेब, डोळे झाकून वापरा,' असे दुकानदाराने सांगितले. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण. माझ्याकडे ते मोजणारा, हातात धरायचा मीटर नव्हता. जो होता तो घरच्या यंत्राला जोडलेला होता, आणि यंत्र बंद होते.

इथे एक गोष्ट समजावून सांगितली पाहिजे. टँकमधून रोज दोनेक लिटर पाणी वाफ होऊन उडून जाते, पण उडते ते केवळ पाणी. त्यात विरघळलेले काहीही उडत नाही. म्हणून भर घालायच्या पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट किंवा सिलिकेट, म्हणजे शेवाळाचे खाद्य, असेल तर ते प्रत्येक भरीबरोबर साचत जाते. साचलेले फॉस्फेट दगडांतही मुरते आणि नंतर कित्येक आठवडे हळूहळू सुटत राहते. सांडपाणी मिसळत राहिले की रंकाळा तलावाचे पाणी हिरवे का होते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. टँकमध्येही तेच घडते, फक्त आठवड्यांच्या हिशेबात.

सहाव्या आठवड्यात दगडांवर हिरवे, केसांसारखे शेवाळ दिसू लागले आणि पंधरा दिवसांत त्याचे पुंजके बोटभर लांब झाले. झोअँथसच्या काही वसाहती त्याखाली झाकल्या गेल्या. मी दुकानात फोटो दाखवला, तेव्हा दुकानदार स्वतः घरी येऊन टँक पाहून गेला. 'हा रोग आहे, साहेब, आठ-पंधरा दिवसांत सगळा टँक खाऊन टाकेल. पण काळजी करू नका, मी काचेसारखा करून देतो,' असे तो म्हणाला. पाण्याची चाचणी करू या, असे मी सुचवले, तर घरगुती किट चुकीचे आकडे दाखवतात म्हणून त्याने एका बाटलीत नमुना नेला आणि संध्याकाळी 'फॉस्फेट झिरो' असे कळवले. त्यावरून दोष पाण्याचा नाही, रोगाचाच आहे, असा निष्कर्ष त्याने काढला आणि मी तो मान्य केला. प्रत्यक्षात शेवाळ जोरात वाढत असते तेव्हा पाण्यातले फॉस्फेट तेच शोषून घेत असते, त्यामुळे चाचणी खरोखर केली तरी आकडा शून्याच्या जवळ येऊ शकतो. शून्य आले म्हणजे फॉस्फेट नाही, असे मुळीच नव्हे.

त्याने मला दोन वस्तू दिल्या. पहिली ५०० मिलीची पांढरी बाटली, किंमत २,८०० रुपये. तिच्यावर इंग्रजीत 'रीफ सेफ' एवढे छापलेले चिकटपत्र होते. घटक, उत्पादकाचे नाव, बॅच क्रमांक, तारीख यांपैकी काहीही नव्हते. परदेशी कंपनीकडून मोठ्या कॅनमध्ये माल येतो आणि आम्ही तो छोट्या बाटल्यांत भरतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. दुसरी वस्तू म्हणजे १,५०० रुपयांची, फॉस्फेट शोषणाऱ्या दाण्यांची पिशवी. बिल मागितले तेव्हा 'बिल केले तर जीएसटी लागेल, साहेब, तुमचेच पैसे वाढतील,' असे उत्तर मिळाले. पैसे मी मोबाइलवरून दिले, तेही दुकानाच्या खात्यावर न जाता कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर गेले. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत मी खरेदी विभागात काम करतो. तिथे स्पेक्ट्रो रिपोर्ट, म्हणजे धातूत काय काय आहे याचा तपासणी अहवाल, पाहिल्याशिवाय भंगाराची गाडीसुद्धा मी आत घेत नाही. तोच मी घरच्या जिवंत प्राण्यांच्या पाण्यात नाव-गाव नसलेले द्रावण ओतले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

दर ५० लिटरला ५ मिली, सलग पाच दिवस, अशी मात्रा त्याने सांगितली होती. मी दोन दिवस १५-१५ मिली घातले. तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मुलीने हाक मारली. रात्री काचेवर चिकटलेल्या गोगलगायी वाळूवर उताण्या पडल्या होत्या. एक उचलून पाहिली, तर तिचा पाय शंखाच्या आत ओढला गेला होता आणि तोंडावरचे गोल झाकण सैल झाले होते. नाकाजवळ नेताच सडका वास आला. एक श्रिंप दगडाच्या कपारीत मरून पडली होती. दुसरी एका कुशीवर पडून पाय हलवत होती आणि तिच्या लांब पांढऱ्या मिशा पंपाच्या प्रवाहाबरोबर वाहत होत्या. दुपारपर्यंत तीही गेली. मशरूम प्रवाळ आक्रसून सुपारीएवढे झाले होते. शेवाळ मात्र खरोखरच पांढरे पडू लागले होते आणि तिन्ही मासे पोहत होते.

मी फोन केला, तेव्हा दुकानदार म्हणाला, 'मासे जिवंत आहेत ना? मग औषध बरोबरच आहे. गोगलगायी कमजोर असतील. कोर्स अर्धवट सोडू नका.' मासे जिवंत राहिल्याने मीही थोडा घोटाळ्यात पडलो होतो. पुढचा डोस घातला नाही, एवढेच सुदैव.

त्याच रविवारी तासगावचे माझे साडू घरी आले. त्यांची द्राक्षबाग आहे. बाटलीतले थोडेसे द्रावण मी काचेच्या पेल्यात ओतून ठेवले होते. त्याचा निळा रंग पाहताच ते म्हणाले, 'पाव्हणं, ह्यो तर मोरचुदाचा रंग हाय. खिळा हाय का घरात?' बागेवर बोर्डो मिश्रण फवारण्यापूर्वी त्यात मोकळे तांबे राहिले आहे का, हे पाहण्यासाठी बागायतदार लोखंडी सळई किंवा विळा बुडवून पाहतात. तांबडा थर चढला तर चुना कमी पडला असे समजतात. आम्ही एक खिळा सँडपेपरने चकचकीत घासून पेल्यात उभा केला. काही मिनिटांत बुडालेल्या भागावर तांबूस लेप चढला आणि नखाने खरवडल्यावर तो नखाला लागला. २,८०० रुपयांची ती बाटली म्हणजे पाण्यात विरघळवलेले मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट होते, आणि मोरचूद तर कोणत्याही कृषी सेवा केंद्रात किलोवर मिळते.

तांब्याने शेवाळ मरते हे खरे आहे. पण गोगलगायी, श्रिंप, खेकडे आणि प्रवाळ यांना तांब्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. मासे तुलनेने जास्त सहन करतात, म्हणूनच माशांच्या व्हाइट स्पॉट रोगावर वेगळ्या टँकमध्ये मोजून तांबे देतात. त्यामुळे 'मासे जिवंत आहेत' हा पुरावा रीफ टँकच्या बाबतीत कवडीमोलाचा आहे. त्याहून वाईट म्हणजे तांबे चुनखडीच्या दगडांत आणि वाळूत मुरते आणि पुढे पुन्हा पाण्यात उतरत राहते.

मग मी बाकीच्या मालाकडे वळलो. टीडीएस मीटर मागवला आणि सील न फोडलेल्या शेवटच्या जारचे पाणी मोजले, तर शून्याऐवजी २१२ आले. फॉस्फेट शोषणारे म्हणून दिलेले दाणे काळे कुळकुळीत होते. फॉस्फेटसाठी सर्वाधिक वापरले जाणारे लोहयुक्त माध्यम गंजासारखे तपकिरी असते. माझ्या पिशवीत साधा कोळसा होता, आणि कोळसा पाण्याचा पिवळेपणा व वास काढतो, पण फॉस्फेटवर त्याचा उपयोग नाही. म्हणजे शेवाळाचे खाद्य आधी शुद्ध पाणी म्हणून याच माणसाने मला विकले आणि शेवाळ वाढल्यावर विषही त्यानेच विकले.

टँक सावरायला तीन महिने लागले. मासे वेगळ्या टाकीत हलवले, वाळू आणि सगळे दगड काढून टाकले, रिकामा टँक धुऊन नव्याने उभा केला आणि पाण्यातले तांबे मोजणारा किट शून्य दाखवेपर्यंत पाणी बदलत राहिलो. ज्यांच्या टँकमध्ये अजून असे काही ओतलेले नाही, त्यांनी केसाळ शेवाळासाठी बाटलीच्या मागे लागू नये. दगड बाहेर काढून टँकच्याच पाण्याच्या बादलीत टूथब्रशने घासावा, सुटलेले तुकडे टँकमध्ये परत जाऊ देऊ नयेत, दिवा १० तासांऐवजी ७ तास लावावा, गोठवलेले खाद्य धुऊन द्यावे, पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर नीट चालतो का पाहावे आणि दर आठवड्याला स्वतः मोजलेल्या शून्य टीडीएसच्या पाण्यात टँकचे मीठ मिसळून त्याने दहा टक्के पाणी बदलावे. फॉस्फेट साधारण ०.०३ ते ०.१ मिलीग्रॅम प्रतिलिटर राहिले तर पुरे. ते आणि नायट्रेट अगदी शून्यावर नेले तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे तपकिरी, बुडबुड्यांचे चिकट तंतू वाढण्याची भीती असते, आणि ते शेवाळापेक्षा चिवट आहेत. वाळूवर पसरणारा लाल बुळबुळीत थर तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू असतात. इतक्या वेगवेगळ्या गोष्टींवर एकच बाटली चालते असे जो सांगतो, त्याच्याकडून पाणीसुद्धा घेऊ नये.

दुकानदाराने पैसे परत द्यायला नकार दिला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल न देणे हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे शुल्क लागत नाही. मोबाइलवरून दिलेल्या पैशांची नोंद, त्याचे संदेश, उरलेली बाटली आणि सीलबंद पाण्याचा नमुना एवढे मी जपून ठेवले आणि त्याच आधारावर तक्रार केली आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन केला होता. कागद कोणते जोडायचे ते तिथे नीट समजावून सांगितले.

एक गोष्ट मात्र कोल्हापुरातल्या सर्वांना सांगायलाच हवी. मी टँक मोडतो आहे हे कळल्यावर त्याच माणसाने निरोप पाठवला की दगड टाकून देऊ नका, अर्ध्या किमतीला मी घेतो. मी ते दिले नाहीत. हातोड्याने फोडून टाकले, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या टँकमध्ये जायला नकोत. पण इतर कोणी दिले असतील. तेव्हा शहरात कोणी वापरलेला लाइव्ह रॉक, म्हणजे रीफ टँकमधला असा दगड, स्वस्तात देत असेल, तर तो आठ-दहा दिवस ताज्या खाऱ्या पाण्यात भिजवून त्या पाण्याची तांब्याच्या किटने चाचणी करावी, आणि मगच एखादी गोगलगाय त्याच्या जवळ नेऊन पाहावी.