ताडपत्रीवाल्याकडची टॅकल डमी: कबड्डी संघानं घ्यावी का?

बेळगावात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या कारागिराला माप दिलं की तो टॅकल डमी, म्हणजे धडक-पकडीच्या सरावासाठी टांगायची भरलेली पिशवी, शिवून देतो. ४ फूट उंच, १५ इंच व्यास, जाड कॅनव्हास. गावच्या संघाला एवढी पुरते. शिलाई उत्तम असते, दुहेरी टीप आणि नायलॉनचा दोरा. ऑर्डर देतानाच एक सांगून ठेवा: टांगायचे पट्टे बुडाखालून फिरवून वर आणायचे. नुसते तोंडाशी शिवले तर सगळं वजन त्या टाक्यांवर येतं आणि कापड तिथंच उसवतं.

भरण मात्र कारागिरावर सोडू नका. लाकडाचा भुसा स्वस्त म्हणून तोच भरला जातो. तो खाली बसतो, आपल्याकडच्या पावसात ओल धरतो आणि बूड दगड होऊन जातं. त्यापेक्षा शिंप्यांकडच्या सुती चिंध्या घ्या. आत गोणपाटाची पिशवी घालून वीतभर थर टाका, मुसळानं ठोका, मगच पुढचा थर. सैल भरलेली डमी मधेच वाकते. वजन ३० किलोच्या आसपास बसतं. ते वाढवायला वाळू अजिबात नको, खांदे जातील.

या साधनाचं श्रेय अमेरिकेच्या आमोस अलोंझो स्टॅग यांना देतात. तिकडच्या फुटबॉलमध्ये १८८८ साली कमरेखाली पकडायची मुभा मिळाली आणि खाली वाकून धडकण्याचा सराव गरजेचा झाला. येल विद्यापीठाकडून खेळणाऱ्या स्टॅगनी १८८९ साली त्यासाठी गादी गुंडाळून वापरली. त्याच वर्षी पहिल्या ऑल-अमेरिका संघात ते ‘एंड’च्या, म्हणजे रांगेच्या टोकाच्या, जागी निवडले गेले. पुढं १८९२ ते १९३२ शिकागो विद्यापीठाचे प्रशिक्षक. सत्तरीला वयाच्या नियमानं तिथून जावं लागलं, तर कॉलेज ऑफ द पॅसिफिकला जाऊन १९४६ पर्यंत शिकवत राहिले! केवढी ही खेळावरची निष्ठा.

त्यांची गरज तीच आपली. डॅश (चढाईवाल्याला धडकून मैदानाबाहेर ढकलणं) आणि मांडीपकड रोज एकमेकांवर घोटवली तर सामन्याआधीच निम्मी पोरं जायबंदी. डमीवर मांडीच्या उंचीला ऑइलपेंटचा पट्टा मारा आणि बूड जमिनीपासून वीतभर वर राहील अशी टांगा. वरून एकच दोरी असेल तर ती गरगर फिरते. बुडाला कडी लावून खुंटीला थोडी ढिली बांधा. धडकताना मान वर, नजर पट्ट्यावर, आधी खांदा. डोकं खाली घालून जाणाऱ्याला तिथंच थांबवा, मानेची दुखापत त्यातूनच होते.

घोटापकड यावर येणार नाही, त्याला हलता पाय लागतो. बाकी बचावासाठी घ्यावीच.

जूनआधी उतरवून घरात तुळईला टांगा. भिंतीला टेकवून ठेवली तर खालून ओल चढते आणि उंदीर चिंध्यांत घर करतात. आयलेट, म्हणजे कॅनव्हासच्या भोकांना बसवायच्या कड्या, पितळेच्याच मागा. लोखंडी गंजल्या की भोवतीचा कॅनव्हास कुजतो.