दोन एमबी मेमरी म्हणून मला फ्लॉपीतला ड्रायव्हर विकला

परवा भाचा नवा फोन घेऊन आला. "मामा, सोळा जीबी रॅम!" खोक्यावर बारीक अक्षरात ८ + ८. त्यातले दुसरे आठ म्हणजे स्टोरेजमधलीच जागा. माझं डोकं फिरलं, कारण याच प्रकारात १९९० साली माझे ११,५०० रुपये गेले. घरच्यांखेरीज आजवर कुणाला बोललो नाही, लाज वाटायची.

तेव्हा मी पतसंस्थांचे हिशेब लोटस १-२-३ या स्प्रेडशीट प्रोग्रॅमवर करून द्यायचो. एक्सटी म्हणजे तेव्हाचा जुना पीसी, ६४० केबी मेमरी, २० एमबीची हार्डडिस्क. शीट वाढली की 'मेमरी फुल'. त्यावर उपाय म्हणजे एक्सपांडेड मेमरीचं, म्हणजे वाढीव मेमरीचं, कार्ड. कार्डावरच्या चिपांतले १६ केबीचे तुकडे, एका वेळी चार, ६४ केबीच्या खिडकीत आळीपाळीने आणले जातात. विक्रेता मशीन घेऊन गेला, दोन दिवसांनी परत आणलं. लोटसच्या स्टेटसमध्ये एक्सपांडेड मेमरी दिसत होती. पैसे दिले. उघडून का नाही बघितलं? स्क्रूवर कागदी सील होतं, फाडलं तर वॉरंटी गेली असं त्याने बजावलं होतं. मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस फायलीत ड्रायव्हरची, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची, नवी ओळ होती, पण ती खऱ्या कार्डालाही लागतेच.

पण तो दिवा! पुन्हा हिशेब करायची एफ-नाइन कळ दाबली की हार्डडिस्कचा दिवा लुकलुकायचा, डिस्क करकरायची आणि मी चहा पिऊन येईपर्यंत हिशेब चालूच. लोटस सगळी शीट मेमरीत ठेवतं, नुसत्या आकडेमोडीला डिस्क लागत नाही. हे मला माहीत होतं. तरी तीन आठवडे तो दिवा मी बघत राहिलो. आजही आठवलं की जीव जळतो.

शेवटी चेकडिस्क ही डिस्क आणि मेमरीचा हिशेब दाखवणारी कमांड चालवली. लपवलेल्या फायलींत २० लाखांहून जास्त बाइट. शिवाय मोकळी मेमरी ६४ केबीहून जास्त घटलेली. खऱ्या कार्डाची खिडकी ६४० केबीच्या वरच्या पत्त्यांवर असते, याने ती माझ्याच ६४० मधून कापली होती. सील फाडलं. स्लॉट रिकामा, मागची पत्र्याची पट्टीसुद्धा जागची हललेली नव्हती. म्हणजे कार्ड नव्हतंच, ड्रायव्हर डिस्कवरची लपवलेली फाइलच मेमरी म्हणून दाखवत होता.

असा ड्रायव्हर विकणं गुन्हा नाही. ३८६ प्रोसेसरच्या मशीनवर तर प्रोसेसरच मेमरीची पानं, म्हणजे ते तुकडे, बदलून देतो, तिथे तो उत्तम चालतो. पण एक्सटीवर, डिस्कवर, आणि कार्डाच्या भावात?

विक्रेता म्हणाला, "बिलात कार्ड कुठे लिहिलंय?" खरंच नव्हतं. 'एक्सपांडेड मेमरी २ एमबी, १ नग', एवढंच. बिलावर वस्तू आणि मॉडेल लिहून घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पोलीस ठाण्यात ऐकलं, ही दिवाणी बाब आहे. ग्राहक मंचात चार हेलपाटे घातले. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा प्रती कमी, तिसऱ्यांदा तज्ज्ञाचा दाखला आणा. तालुक्याच्या गावी तज्ज्ञ कुठून आणू? चौथ्यांदा सांगितलं, वस्तू धंद्यासाठी घेतली, म्हणजे १९८६ च्या कायद्याने तुम्ही ग्राहकच नाही. एकट्याने पोटासाठी काम करणारा माणूस ग्राहक धरावा, हे स्पष्टीकरण कायद्यात आलं १९९३ साली. तोवर मी मशीन विकून टाकलं होतं.

भाच्याला घेऊन त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. सेटिंगमधली वाढीव रॅम बंद करायला लावली. उरली आठ. फोन परत घ्यायला दुकानदार तयार नाही.