सिस्टिम-डी: पायथन, नोडच्या सर्व्हिस चालवायला कसं आहे?

सिस्टिम-डी म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस, म्हणजे मागे सतत चालणारे प्रोग्राम, चालू-बंद करणारं टूल. सी किंवा गोमधला प्रोग्राम बूटच्या वेळी चालू करणं कुठल्याही टूलला जमतं, खरा कस लागतो तो पायथन, नोड, रुबीच्या सर्व्हिसला. कारण कर्नलच्या लेखी चालत असतो तो इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्राम), तुमची स्क्रिप्ट नुसती त्याला दिलेली फाइल. चार सर्व्हिस असल्या की यादीत चारही ठिकाणी पायथनच, आणि सिस्टिम-डीच्या आधी सर्व्हिस चालवणाऱ्या जुन्या इनिट स्क्रिप्ट नावावरून नाहीतर पीआयडी फाइलवरून (प्रोसेसचा नंबर लिहून ठेवलेली फाइल) प्रोसेस शोधायच्या, मग एक थांबवायला जावं तर भलतीच मरायची. फ्रीबीएसडी या लिनक्ससारख्याच ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर यासाठी इंटरप्रिटरचा पाथ वेगळा सांगावा लागतो आणि तो शेबँगच्या ओळीशी (स्क्रिप्टची पहिली, इंटरप्रिटर सांगणारी ओळ) जुळला नाही की वॉर्निंग येते.

सिस्टिम-डी नावाच्या भानगडीत पडतच नाही. प्रत्येक सर्व्हिसला स्वतःचा सीग्रुप, म्हणजे कर्नलने सांभाळलेला प्रोसेसचा गट, त्यात स्क्रिप्टने काढलेल्या चाइल्ड प्रोसेससुद्धा आल्या, स्टॉप म्हटलं की सगळ्या जातात. नुसत्या एवढ्यासाठी माझे पाचपैकी पाच.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन) असेल तर अ‍ॅक्टिव्हेट वगैरे करत बसू नका, एक्झेक-स्टार्टमध्ये (सर्व्हिसच्या फाइलमधली, काय चालवायचं ते सांगणारी ओळ) थेट त्याच्या बिन फोल्डरमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या, झालं. नोड एनव्हीएमने (नोडच्या आवृत्त्या टाकायचं टूल) टाकला असेल तरी तेच, कारण सर्व्हिस तुमची बॅश-आरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल, वाचत नाही. आणि पायथन-अनबफर्ड हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 1 करा, नाहीतर प्रिंट केलेलं बफरमध्ये अडकून राहतं आणि जर्नलमध्ये (सिस्टिम-डीचा लॉग) उशिरा उमटतं, लोक उगाच सर्व्हिस हँग झाली समजतात.

रीस्टार्टचे डीफॉल्ट मात्र मला अजिबात पटत नाहीत. ऑन-फेल्युअर, म्हणजे पडली तर परत उठव, लावलं तरी 100 मिलिसेकंदात परत उठवतो आणि 10 सेकंदांत 5 वेळा पडली की नाद सोडून देतो, म्हणजे डेटाबेस उठायच्या आत सगळे चान्स संपलेले असतात. रीस्टार्ट-सेक (परत उठवायच्या आधी किती सेकंद थांबायचं) 5 ठेवलं की हा ताप जातो.

सर्व्हिस सुरू झाली असं कधी मानायचं ते टाइप या सेटिंगने ठरतं, आणि सगळ्यात मोठी तक्रार टाइप सिंपलची. प्रोसेस फोर्क झाली, म्हणजे नुसती तयार झाली, की लगेच अ‍ॅक्टिव्ह दाखवतो, पुढे इम्पोर्टवरच स्क्रिप्ट आपटली तरी स्टार्ट कमांड बिनतक्रार परत आलेली असते. टाइप एक्झेकनेही फक्त इंटरप्रिटर सुरू झाल्याचं कळतं. खरं उत्तर टाइप नोटिफाय, त्यात तुमचा कोडच तयार झाल्यावर रेडी कळवतो. गुनिकॉर्न या पायथनच्या वेब सर्व्हरला हे आयतं येतं, स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये सॉकेटवर एक ओळ पाठवायची असते, तेवढे कष्ट घ्याच.