जुन्या रॉक अल्बमचे नवे बॉक्स: जादाच्या डिस्कवर नेमकं काय मिळतं

बॉक्स हातात घेतला की आधी मागची बाजू वाचावी. पुढे ठसठशीत अक्षरांत पन्नासावं वर्ष, सुपर डीलक्स वगैरे असतंच. मागे बारीक टायपात खरी माहिती असते. कोणतं मिक्स (वाद्यं आणि गळा यांची जुळवणी), कितवा टेक (गाण्याचं कितवं मुद्रण), डेमो (कच्चा नमुना) घरातला की स्टुडिओतला, मैफल कुठली आणि कोणत्या तारखेची, हे तिथे कळतं. हे तपशील दिलेच नसतील आणि नुसतं 'दुर्मीळ ध्वनिमुद्रणं' एवढंच छापलेलं असेल, तर बॉक्स खाली ठेवलेला बरा.

दोन शब्दांतला फरक पक्का हवा. रीमास्टर म्हणजे आधीच तयार असलेल्या मास्टर टेपवरून काढलेली नवी प्रत. त्यात एकूण आवाजाचा पोत बदलतो, पण गिटार मागे आणि ड्रम पुढे असं काही करता येत नाही. रीमिक्ससाठी मल्टिट्रॅक टेप, म्हणजे वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रित केलेली मूळ टेप, पुन्हा उघडतात आणि प्रत्येक वाद्याची जागा नव्याने ठरवतात. रीमास्टर चांगला की वाईट हे कानाने ठरवता येतं. रीमिक्सच्या बाबतीत मात्र मूळ मिक्ससुद्धा त्याच बॉक्समध्ये दिलंय का, हा पहिला प्रश्न. नसेल तर त्या बॉक्सला आमच्याकडून निम्मे गुण.

या कसोटीवर बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'चा २०२२चा पाच सीडींचा बॉक्स सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण या प्रकारातलं सगळ्यात चांगलं आणि सगळ्यात चिडवणारं असं दोन्ही त्यात आहे.

मूळ अल्बम १९६६चा, चार ट्रॅकच्या टेपवर मुद्रित केलेला. चारच ट्रॅक असल्यामुळे ड्रम, बेस आणि गिटार बऱ्याचदा एकाच ट्रॅकवर जायचे आणि नंतर ते वेगळे करायची सोय नव्हती. म्हणून जुन्या स्टीरिओत 'टॅक्समन' हेडफोनवर ऐकलं की अख्खा ठेका एका कानात कोंबल्यासारखा वाटतो. २०२२ला निर्माता जाइल्स मार्टिन आणि ध्वनितंत्रज्ञ सॅम ओकेल यांनी चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बनवलेलं तंत्र वापरून एकाच ट्रॅकवरची वाद्यं संगणकाने सुटी केली आणि मग मिक्स केलं. निकाल ऐकण्यासारखा आहे: बेस मध्यभागी आला, ड्रमला रुंदी मिळाली, गळा मोकळा झाला. झांजांच्या शेवटच्या शेपटीकडे नीट कान दिला तर क्वचित थोडी पाणचट सळसळ जाणवते. अशा विलगीकरणाचा तो ठरलेला दोष. चांगल्या हेडफोनवर ती कळते, खोलीतल्या स्पीकरवर कळत नाही.

पण बॉक्सचा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्या डिस्कवर आहे. 'रेन'चा पाचवा टेक तिथे दोनदा आहे: एकदा वाजवला त्या मूळ वेगात आणि एकदा मास्टरसाठी टेप संथ केल्यानंतरचा. पहिला ऐका. ड्रम इतके चपळ आहेत की हे तेच गाणं आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. लगेच दुसरा लावा. टेपचा वेग कमी केला की नुसती लय मंदावत नाही, स्वरही उतरतो आणि ड्रमच्या कातड्याचा आवाज जड, ओला होतो. या गाण्याचं ते भारावलेपण कुठून येतं, हे एरवी पानभर लिहूनही सांगता येणार नाही. इथे ते सहा मिनिटांत कानाला कळतं. जादाची डिस्क असावी तर अशी.

'एलिनॉर रिग्बी'च्या दुसऱ्या टेकआधीचं बोलणंही ठेवलंय. चार व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो असे आठ वादक, आणि बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन त्यांच्याशी बोलतोय ते स्वर हलवत वाजवायचे की सपाट यावर. वादक दोन्ही वाजवून दाखवतात. त्या गाण्यातली तंतुवाद्यं इतकी कोरडी आणि टोकदार का आहेत, याचं उत्तर त्या छोट्याशा तुकड्यात आहे. 'यलो सबमरीन'ची घरगुती टेप त्याहून चकित करणारी. बालगीत म्हणून आपण जे ऐकत आलो, त्याचा पहिला आराखडा लेननच्या आवाजात, नुसत्या गिटारवर, चक्क उदास आहे.

आपल्याकडच्या श्रोत्याने 'लव्ह यू टू'चे तीन तुकडे ओळीने ऐकावेत: जॉर्ज हॅरिसनचा साध्या गिटारवरचा पहिला टेक, मग सतारीसह तालीम, मग सातवा टेक. या गाण्यावर तबला अनिल भागवत यांचा आहे आणि १९६६च्या मूळ कव्हरवरही त्यांचं नाव छापलेलं होतं. आधी गाणं एका गिटारवर उभं होतं आणि तबला-सतार आल्यावर त्याची चाल कशी सरकली, हे इथे टप्प्याटप्प्याने दिसतं.

ज्यांच्या घरी खासगी मैफलींच्या कॅसेटी जपून ठेवलेल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजवायला नको. एकच बंदिश तीन बैठकींत तीन वाटांनी जाते, म्हणून तर तिन्ही कॅसेटी ठेवायच्या. मात्र रॉकच्या सेशनमध्ये प्रत्येक टेक असा वेगळा नसतो. बहुतेक टेक म्हणजे तेच वादन, फक्त शेवटी कुणीतरी चुकलेलं. म्हणून कसोटी एवढीच: या टेकमध्ये एखादा निर्णय वेगळा आहे का? वेग, वाद्य, शब्द, रचना, काहीतरी. 'गॉट टू गेट यू इंटू माय लाइफ'मध्ये तो आहे. ब्रासची वाद्यं येण्याआधी तीच सुरावट खरखरीत गिटारवर वाजते आणि गाणं निराळंच होतं. असा फरक नसलेला टेक एकदा ऐकून होतो आणि मग तुम्ही कायम पुढचं बटण दाबता.

आता चिडवणारा भाग. पहिल्या डिस्कवर नवं मिक्स, साधारण ३५ मिनिटं. चौथीवर मूळ मोनो, तीही ३५ मिनिटं. पाचवीवर फक्त चार ट्रॅक: 'पेपरबॅक रायटर' आणि 'रेन', स्टीरिओत आणि मोनोत, जेमतेम अकरा मिनिटं. सीडीवर जवळपास ८० मिनिटं मावतात. चौथी आणि पाचवी सहज एकत्र झाली असती. १९६६चं मूळ स्टीरिओ मिक्स, जे बहुतेकांनी आयुष्यभर ऐकलं, त्याला मात्र बॉक्समध्ये जागाच नाही. ब्लू-रे सुद्धा नाही. २०१७च्या 'सार्जंट पेपर'मध्ये आणि २०१८च्या 'व्हाइट अल्बम'मध्ये तो होता. शंभर पानांचं पुस्तक उत्तम आहे, पण पुस्तकाने ही उणीव भरत नाही. २००९चा स्टीरिओ रीमास्टर तुमच्याकडे असेल तर तो विकू नका, या बॉक्सशेजारी त्याची गरज पडणार आहे. खिसा आवळता असेल तर नवं मिक्स आणि निवडक सेशन असलेली दोन सीडींची आवृत्ती पुरते.

लेड झेपलिनची २०१४-१५ची मालिका उलट्या पद्धतीची. त्यांचा गिटारवादक जिमी पेजने मूळ मिक्सला हात लावला नाही, फक्त रीमास्टर केला आणि प्रत्येक अल्बमला एक सोबतीची डिस्क जोडली. या डिस्कवर बरेचदा सेशनच्या मधल्या टप्प्यावर काढलेली कच्ची मिक्स आहेत, आणि इथे निराशा ठरलेली, कारण कच्चं मिक्स म्हणजे तेच वादन, थोडं वेगळं तोललेलं. चौथ्या अल्बमची डिस्क त्यातल्या त्यात कामाची. हा अल्बम १९७१ला आधी लॉस एंजेलिसच्या सनसेट साउंडमध्ये मिक्स झाला, तो निकाल मनासारखा आला नाही आणि जवळपास सगळं पुन्हा करावं लागलं. 'स्टेअरवे टू हेवन'चं ते सनसेट साउंडचं मिक्स इथे आहे. शेजारी शेजारी ऐकलं की ते का नाकारलं असेल याचा अंदाज येतो. पहिल्या अल्बमसोबत १० ऑक्टोबर १९६९ची पॅरिसची मैफल आहे, ती निःसंशय घ्यावी. बाकीच्या स्ट्रीमिंगवर एकदा ऐकून सोडून द्याव्यात.

अपवाद 'कोडा'चा. मूळ अल्बम त्यांचा सगळ्यात फुटकळ, पण २०१५च्या आवृत्तीत सोबतीच्या दोन डिस्क आहेत आणि त्यात १९७२ला मुंबईत इथल्या वादकांबरोबर केलेली दोन ध्वनिमुद्रणं आहेत: 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. दुसऱ्याचं नाव डिस्कवर 'फोर हँड्स' असं दिलंय. त्या गाण्याची लय अवघड आहे. वादक ती चाचपत, सावरत पकडतात आणि मधेच सगळं एकदम जुळून येतं. तो क्षण ऐकण्यासाठी ही आवृत्ती घ्यायला हरकत नाही.

द हूच्या 'लाइव्ह ॲट लीड्स'मध्ये तर जादाचं म्हणजेच सगळं. १४ फेब्रुवारी १९७०ची मैफल. त्या वर्षीच्या एलपीवर सहाच गाणी, १९९५च्या सीडीवर चौदा, आणि २००१च्या दोन डिस्कमध्ये जवळपास पूर्ण कार्यक्रम. फक्त क्रम बदललाय. मैफलीत 'टॉमी' ही त्यांची सलग गीतमाला कार्यक्रमाच्या मधोमध वाजली होती, सीडीवर ती उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकली. खरा क्रम हवा असेल तर दोन्ही डिस्क संगणकावर उतरवा, पहिल्या डिस्कवर 'अ क्विक वन' संपलं की दुसरी डिस्क पूर्ण घाला आणि मग पहिलीवरच्या 'समरटाइम ब्लूज'पासून पुढे चला. मध्ये टाळ्यांचा सांधा थोडा अडखळतो, पण मैफलीचा चढ कळतो. २०१०च्या मोठ्या बॉक्समध्ये दुसऱ्या दिवशीची हल या शहरातली मैफलही आहे. तिच्या सुरुवातीच्या काही गाण्यांत बेस टेपवर उतरलाच नव्हता, तो लीड्सहून आणून बसवलाय. बसवलाय चोख, पण माहीत असावं.

अशी डागडुजी उघड सांगितली की तक्रार राहत नाही. रोलिंग स्टोन्सच्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'च्या २०१०च्या आवृत्तीत 'प्लंडर्ड माय सोल' आणि 'फॉलोइंग द रिव्हर' या जुन्या ट्रॅकवर त्यांचा गायक मिक जॅगरने नव्याने गायलंय. गाणी छान आहेत. पण जवळपास चाळीस वर्षांनी मोठा झालेला गळा १९७२च्या अल्बमशेजारी लगेच ओळखू येतो, आणि पुराभिलेख म्हणून त्यांची किंमत कमी होते.

पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या अल्बमच्या २०११च्या मोठ्या बॉक्समध्ये गोट्या, स्कार्फ आणि कोस्टर आहेत. त्यावर एवढंच: त्या वजनाचे पैसे आपण भरतो, आणि बाहेरून मागवलं तर कस्टम आणि हाताळणीचा खर्चही त्या वजनावर चढतो. त्याच 'डार्क साइड'च्या बॉक्समधली १९७४ची वेम्ब्लीची मैफल आणि ध्वनितंत्रज्ञ ॲलन पार्सन्सचं १९७२चं सुरुवातीचं मिक्स मात्र अस्सल ऐवज.

क्वीनच्या पहिल्या अल्बमचा २०२४चा बॉक्स पाचगणीच्या शाळेत शिकलेला त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यामुळे आपल्या भागात जास्त विचारला जातो. नव्या मिक्समध्ये ड्रमचा तो मूळचा कोंदट, कोरडा आवाज उघडलाय आणि तेव्हा गाळलेलं 'मॅड द स्वाइन' हे गाणं जागेवर परत आलंय. सुरुवातीच्या डेमोंसाठीही हाच बॉक्स बरा. २०११च्या आवृत्तीतले डेमो घासलेल्या एसीटेट (लवकर झिजणाऱ्या, चाचणीच्या) तबकडीवरून घेतले होते आणि ते ऐकू येतं.

विकत घेण्याआधी नवा मास्टर उगाच जोरात केलाय का, हे तपासता येतं. जुन्या आणि नव्या सीडीतलं एकच गाणं ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या संगणक प्रोग्राममध्ये उघडा. लाटेचे शेंडे सपाट कापल्यासारखे दिसत असतील आणि क्लिपिंगच्या (आवाज मर्यादेबाहेर जाऊन कापला गेल्याच्या) लाल रेषा भरगच्च येत असतील तर आवाज दाबून भरलाय. मग दोन्ही ट्रॅकवर 'लाउडनेस नॉर्मलायझेशन' चालवा, दोन्हींना उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं एकक) द्या आणि डोळे मिटून आलटून पालटून ऐका. साधं पीक नॉर्मलाइज करू नका. त्याने शेंड्याची उंची जुळते, कानाला जाणवणारा आवाज जुळत नाही, आणि जो जरासा मोठा तो आपल्याला चांगला वाटतो. 'काय सुधारलंय आवाज!' ही दाद अनेकदा दोन डेसिबलला दिलेली असते.

लॅपटॉपला ड्राइव्ह नसेल तर पुण्यातल्या तपकीर गल्लीत यूएसबीवर चालणारा बाहेरचा मिळतो. साध्या डीव्हीडी ड्राइव्हवर ब्लू-रे वाचला जात नाही, तेव्हा बॉक्समधल्या ब्लू-रेसाठी पैसे मोजताना तो कशावर लावणार हे आधी ठरवा. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एखादा जुना सेट हाती लागला, तर डिस्क काढून उजेडासमोर धरा. टाचणीएवढी भोकं चमकली की वरचा थर गेलाय. आत फोम असेल तर अधिक नीट बघा. जुना फोम विरघळून डिस्कला चिकटतो आणि तो डाग पुसला जात नाही.

नव्या बॉक्सची मोठी खोड म्हणजे पुठ्ठ्याचे घट्ट कप्पे. डिस्क चिमटीत ओढली की पहिल्याच वेळी गोल चरे पडतात. कप्प्याच्या दोन्ही कडा आत दाबून तोंड उघडावं, डिस्क तिरकी करून हातात घसरू द्यावी आणि परत ठेवताना पातळ आतल्या पिशवीत घालून ठेवावी. जून ते सप्टेंबर पुण्यातल्या दमट हवेत पुस्तकांचा गुळगुळीत कागद ओल धरतो आणि पानं एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना छपाई निघून येते. बॉक्स बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, उभे ठेवा, फार दाटीने नको, आणि प्रत्येकात सिलिका जेलची एक पुडी टाका. दाण्यांचा रंग बदलला की पुडी बदलायची.