वर जायचं की आहे तिथेच राहायचं? बेलरमाइन आणि नॉर्थवेस्ट मिझुरी

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये डिव्हिजन दोनचे, म्हणजे दुसऱ्या स्तराचे, दादा म्हणावेत असे हे दोन संघ. केंटकीतल्या लुइव्हिलचं बेलरमाइन २०११ मध्ये डिव्हिजन दोनचं विजेतं होतं. २०२० मध्ये त्यांनी डिव्हिजन एकमध्ये, म्हणजे सर्वात वरच्या स्तरावर, उडी घेतली. नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेट मात्र जागचं हललं नाही.

बेलरमाइनला उडीची किंमत लगेच कळली. वर येणाऱ्या संघाला तेव्हा चार वर्षं एनसीएएच्या (कॉलेज खेळ चालवणाऱ्या संस्थेच्या) मुख्य स्पर्धेची दारं बंद असत (२०२५ मध्ये ही मुदत तीन वर्षांवर आली). २०२२ मध्ये बेलरमाइनने एसन कॉन्फरन्सची, म्हणजे आपल्या गटाची, स्पर्धा जिंकली, पण मुख्य स्पर्धेचं तिकीट मिळालं त्याच गटातल्या जॅक्सनव्हिल स्टेटला! मला हा नियम आजही अन्यायाचाच वाटतो. चार वर्षं सरली तोवर तो संघ विखुरला होता. २०२४-२५ च्या हंगामात जेमतेम ५ विजय.

नॉर्थवेस्टकडे २०१७, २०१९, २०२१ आणि २०२२ अशी चार विजेतेपदं. २०१९ मध्ये तर ३८ पैकी ३८ सामने जिंकले. नॉर्थवेस्टच्या मेरीव्हिलसारख्या छोट्या गावाला आणखी काय हवं? पण राहण्यालाही खर्च आहेच: प्रशिक्षक बेन मॅककॉलम २०२४ मध्ये डिव्हिजन एकमधल्या ड्रेक विद्यापीठात गेले आणि चार खेळाडू त्यांच्यामागून. त्याच मंडळींनी पुढच्याच मोसमात ड्रेकसाठी ३१ सामने जिंकले.

टीव्हीवरचं नाव आणि नवे विद्यार्थी हवे असतील, पैसाही गाठीशी असेल, तर बेलरमाइनची वाट. निव्वळ बास्केटबॉलसाठी विचाराल तर मी मेरीव्हिलच निवडेन.