सँडब्लास्टिंगसाठी पाच एचपीचा टू-स्टेज कॉम्प्रेसर: घरच्या वर्कशॉपला पुरतो का?

घरच्या वर्कशॉपमध्ये सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबलेल्या हवेने खरखरीत कण मारून धातूवरचा गंज आणि रंग काढणे, सुरू करायचे ठरले की बहुतेक जण आधी कॅबिनेट (ज्यात हे काम होते ती बंद पेटी), गन आणि ग्रिटची (मारायच्या कणांची) चौकशी करतात आणि कॉम्प्रेसर सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत बसेल तो घेतात. हा क्रम उलटा असायला हवा. कॅबिनेट साधे असले, गन स्वस्तातली असली, तरी काम निभावते. हवा कमी पडली तर मात्र गंज जागचा हलत नाही. नाशिकच्या इंदिरानगरमधील घरामागच्या शेडमध्ये मी पाच एचपीचा, पट्ट्यावर चालणारा, 220 लिटर टाकीचा थ्री-फेज टू-स्टेज (हवा दोन टप्प्यांत दाबणारा) कॉम्प्रेसर वापरतो. जुन्या स्कूटर आणि मोटरसायकलींचे रिम, हब, फोर्क, स्टँड आणि इंजिनची आवरणे साफ करून पावडर कोटिंगला देण्याजोगी करणे हे त्याचे मुख्य काम. कोइम्बतूरची एल्गी असो किंवा अहमदाबादला कारखाना असलेली इंगरसोल रँड असो, या वर्गातील यंत्रांची रचना मुळात सारखीच असल्यामुळे पुढील मजकूर एखाद्या मॉडेलपेक्षा या संपूर्ण वर्गाला लागू पडतो.

निवडीची सुरुवात नॉझलच्या भोकापासून करावी. ब्लास्टिंगच्या प्रचलित तक्त्यांनुसार 3.2 मिलिमीटरच्या, म्हणजे एक अष्टमांश इंचाच्या नॉझलला 80 पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाबावर मिनिटाला सुमारे 17 घनफूट हवा लागते; दाब 100 पीएसआय केला की 20 घनफूट. तीन सोळांश इंचाच्या नॉझलला 80 पीएसआयवर 38 आणि पाव इंचाच्या नॉझलला 68 घनफूट. भोकाचा व्यास दुप्पट झाला की हवेची गरज चौपट होते, कारण हवा भोकाच्या क्षेत्रफळातून जाते. पाव इंची नॉझलचा विचार घरी करूच नये. त्यासाठी लागणारा कॉम्प्रेसर एखाद्या गाळ्यातच शोभतो. घरासाठी 3 मिलिमीटर हा व्यवहार्य आकार आहे आणि त्याची 80 पीएसआयवरील गरज सुमारे 15 घनफूट भरते. एक बारकावा असा की, कॅबिनेटमधील सक्शन गनसाठी, म्हणजे हवेच्या झोताने ग्रिट ओढून घेणाऱ्या गनसाठी, हा हिशेब आतल्या एअर जेटच्या (हवा सोडणाऱ्या बारीक तोटीच्या) भोकावर करायचा असतो. प्रेशर पॉट, म्हणजे ग्रिट दाबाखाली ठेवणारे भांडे, वापरत असाल तर तो नॉझलच्याच भोकावर करावा.

नाशिककरांनी यात आणखी एक भर घालायला हवी. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा मुंबईपेक्षा सहा-सात टक्के विरळ आहे. कॉम्प्रेसर तेवढीच घनफूट हवा आत ओढतो, पण त्या घनफुटांत हवेचे वजन कमी असते. नॉझलची गरज मात्र जवळजवळ तितकीच राहते. त्यामुळे तक्त्यातील 15 घनफूट येथे 16 धरावेत.

आता यंत्रावरील पाटीकडे वळू. दुकानात पहिला प्रश्न एचपीचा निघतो आणि उत्तरही त्यातच दिले जाते: “पाच एचपी आहे साहेब, काहीही चालवा.” खरा आकडा एफएडीचा, म्हणजे दाबाखाली प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेचा असतो. पिस्टन एका मिनिटात जेवढी जागा व्यापतो त्याला डिस्प्लेसमेंट म्हणतात आणि पुष्कळदा माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत तोच आकडा छापलेला असतो. सिंगल-स्टेज यंत्रात त्यातील साधारण 60 ते 75 टक्के आणि टू-स्टेजमध्ये 75 ते 85 टक्केच हवा हाती लागते, कारण सिलिंडरमध्ये शिल्लक राहिलेली दाबलेली हवा पुन्हा फुगते आणि गरम सिलिंडरमुळे आत येणारी हवाही विरळ होते. शहरातील एका विक्रेत्याने मला डिस्प्लेसमेंटचा आकडाच एफएडी म्हणून सांगितला आणि लेखी मागितल्यावर विषय बदलला. कोटेशनवर एफएडी किती आणि कोणत्या दाबावर, हे दोन्ही लिहून घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. ढोबळ अंदाज हवा असेल तर चांगल्या पिस्टन कॉम्प्रेसरमधून दर एचपीला साडेतीन घनफुटांच्या जरा कमी-जास्त हवा मिळते, असे समजावे. त्या हिशेबाने पाच एचपीला 16 ते 18 घनफूट मिळतात आणि आपली गरज 16 आहे. जेमतेम का होईना, जुळते.

ज्यांना दोन एचपी आणि 50 लिटरचा छोटा कॉम्प्रेसर घेऊन भागेल असे वाटते, त्यांच्यासाठी हाच हिशेब पुढे नेऊ. अशा यंत्रातून साडेसहा घनफुटांच्या आसपास हवा मिळते, म्हणजे 3 मिलिमीटरच्या नॉझलसाठी मिनिटाला साडेनऊ घनफुटांची, सुमारे 270 लिटरची, तूट राहते. टाकीचा दाब 8 किलोवरून (दर चौरस सेंटिमीटरला) साडेपाच किलोवर येईपर्यंत तीतून 125 लिटर मोकळी, म्हणजे बाहेरच्या दाबावर मोजलेली, हवा मिळते. म्हणजे अर्ध्या मिनिटात जोर संपतो आणि टाकी पुन्हा भरायला त्याहून जास्त वेळ जातो. जोडीला मोठी टाकी लावण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. टाकी म्हणजे घरातले पाण्याचे पिंप. नळाला धार बारीक असेल तर पिंप कितीही मोठे घेतले तरी ते एकदा रिकामे झाल्यावर पुन्हा बारीक धारेचीच वाट पाहावी लागते. शिवाय या सगळ्यात छोटे यंत्र क्षणभरही थांबत नाही आणि अखंड चालण्यासाठी ते बनवलेले नसते. पंपाचे डोके तापते, व्हॉल्व्हवर काजळी धरते, तेल पातळ होऊन हवेबरोबर बाहेर येते आणि साफ केलेल्या धातूवर बसते. हाताशी दोन एचपीचेच यंत्र असेल तर 2 मिलिमीटरचे एअर जेट वापरावे. ते सुमारे सात घनफुटांत चालते. कामाचा वेग निम्म्याहून खाली येतो, पण नट-बोल्ट, लिव्हर, कार्ब्युरेटरची झाकणे यांसाठी तो पुरेसा असतो.

टू-स्टेजचा आग्रह धरण्याचे कारण केवळ आकड्यांत नाही. पहिला, मोठा सिलिंडर हवा दोन-तीन किलोपर्यंत दाबतो, ती बाहेरून धातूच्या पातळ पात्या असलेल्या नळीतून जाताना थंड होते आणि मग दुसरा, लहान सिलिंडर तिला शेवटच्या दाबापर्यंत नेतो. मधल्या थंडाव्यामुळे वीज वाचते आणि पंप सावकाश फिरत असल्यामुळे त्याचे आयुष्यही वाढते. माझ्या यंत्रात टाकी 10 किलोवर थांबते आणि रेग्युलेटरने ती हवा साडेपाच किलोवर, म्हणजे सुमारे 80 पीएसआयवर, गनला दिली जाते. एका जुन्या बजाज चेतकचा फोर्क साफ करताना गेजकडे पाहिले, तर सुरुवातीला काटा सावकाश खाली येतो आणि सात किलोच्या आसपास स्थिरावतो. तेथून पुढे पंप जेवढे देतो तेवढेच नॉझल घेते. नॉझलचा फूत्कार एकसुरी राहतो, गंजाचा तपकिरी थर कडेने सुटत जातो आणि मागे एकसारखा, हाताला किंचित खरखरीत लागणारा राखाडी पत्रा उरतो. वेल्डच्या कोपऱ्यांत, जिथे वायर ब्रश आणि रसायन दोन्ही हरतात, तेथील रंगही निघतो. दाब टिकणे म्हणजे काय, हे त्या कोपऱ्यांत कळते. तरीही दर वीस मिनिटांनी मी यंत्राला विश्रांती देतो. पिस्टन कॉम्प्रेसरकडून तासाच्या साठ-सत्तर टक्क्यांहून अधिक काम घेऊ नये.

पावसाळ्यात परीक्षा वेगळी असते. जुलैमधील नाशिकच्या दमट हवेत दर घनमीटरमागे वीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असते आणि दाबलेल्या हवेला त्यातील थोडेच धरून ठेवता येते. 15 घनफुटांच्या यंत्राचा तासाचा हिशेब केला तर पाव ते अर्धा लिटर पाणी टाकीत आणि नळीत सुटते. हे पाणी ग्रिटमध्ये गेले की गोळे होतात, गन तुंबते आणि नुकत्याच उघड्या पडलेल्या लोखंडावर तासाभरात पिवळसर गंज दिसू लागतो. टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक रोज उघडणे हा पहिला उपाय. दुसरा उपाय अधिक परिणामकारक: टाकीपासून गनपर्यंतची जोडणी थेट रबरी नळीने न करता भिंतीवरून काही मीटर धातूचा पाइप उताराने न्यावा, त्यात हवा थंड होऊ द्यावी आणि मॉइश्चर ट्रॅप (हवेतील पाणी वेगळे करणारे भांडे) गनच्या बाजूच्या टोकाला बसवावा. कॉम्प्रेसरला चिकटून बसवलेला ट्रॅप गरम हवेतील बाष्प पकडू शकत नाही. रबरी नळी आतून अर्धा इंचाची घ्यावी. अरुंद नळीत आणि क्विक कपलरमध्ये दाब वाया जातो.

विजेचे थोडक्यात सांगतो. पाच एचपी म्हणजे 3.7 किलोवॉट, पूर्ण भारावर तासाला साडेचार युनिटांच्या आत खर्च येतो. सिंगल फेजवर घरी तीन एचपीच्या पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण मोटर सुरू होताना काही क्षण चालू प्रवाहाच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते आणि उन्हाळ्यात व्होल्टेज खाली असेल तर कपॅसिटर टिकत नाहीत. महावितरणकडून थ्री-फेज जोडणी आणि वाढीव मंजूर भार मिळाल्यानंतरच यंत्र घरी आणावे. आवाजाचा विचारही आधी करावा. निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मध्ये दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे आणि यंत्राशेजारचा आवाज 80 डेसिबलच्या घरात असतो. मी शेडच्या भिंतींना आतून रॉकवूल लावले, हवा आत घेण्याची बाजू शेजाऱ्यांकडून फिरवली आणि दुपारी विश्रांतीच्या वेळी यंत्र बंद ठेवतो.

वाळूबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. गोदावरीची किंवा बांधकामाची वाळू चाळून वापरणारे लोक आजही भेटतात आणि ती फुकट मिळते एवढेच कारण देतात. वाळूतील सिलिकाची फुटलेली धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. ब्रिटनने साफसफाईच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरण्यावर 1949 च्या नियमांनीच बंदी आणली. लोखंडासाठी गार्नेट किंवा ॲल्युमिनियम ऑक्साइड, ॲल्युमिनियमच्या आवरणांसाठी 40 ते 60 पीएसआयवर काचमणी वापरावेत. कॅबिनेटला डस्ट कलेक्टर जोडावा आणि उघड्यावर काम करताना हवा पुरवणारा हुड घालावा; त्या हुडची हवा तेलाच्या कॉम्प्रेसरमधून थेट घेऊ नये.

नवे यंत्र छोट्या कॉम्प्रेसरच्या कित्येक पटींनी महाग पडते, म्हणून नाशिकच्या सातपूर आणि अंबड या औद्योगिक भागांतील कारखान्यांतून निघालेली जुनी टू-स्टेज यंत्रे जरूर पाहावीत. पंपाच्या रिंगा आणि व्हॉल्व्ह बदलता येतात, टाकी मात्र नीट तपासावी लागते: हायड्रो टेस्टची (पाणी भरून केलेल्या दाबचाचणीची) तारीख, तळाकडून पाझर किंवा वेल्डिंगची ठिगळे, सेफ्टी व्हॉल्व्हचे काम. ड्रेनमधून गंजाचा लगदा आला तर किंमत कितीही उतरवली तरी ती टाकी घेऊ नये.

ज्यांना महिन्यातून एखादाच भाग साफ करायचा आहे, त्यांनी हा खर्च न करता अंबडमध्ये जॉबवर्कला द्यावे. ज्यांना एकामागून एक गाड्या उभ्या करायच्या आहेत, त्यांना पाच एचपी टू-स्टेजच्या खाली मी काहीही सुचवणार नाही. त्यांनी यंत्राबरोबर बोरॉन कार्बाइडचे नॉझल घ्यावे. प्रेशर पॉटमधील सिरॅमिक नॉझल काही तासांत झिजते. 3 मिलिमीटरचे भोक साडेतीन झाले की हवेची गरज 36 टक्क्यांनी वाढते आणि पुरेसा असलेला कॉम्प्रेसर कमी पडू लागतो. गेजवरचा काटा पूर्वीपेक्षा खाली स्थिरावू लागला, तर पंप उघडण्याआधी साडेतीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटचा दांडा नॉझलमध्ये घालून पाहावा. तो आत गेला तर नॉझल बदलावे.